फोटोला बसणे : मागचे आणि आताचे

आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा कार्यकारिणीने आणखी एक ठराव केला. प्रत्येक सभासद भगिनीचा फोटो चांगल्या फोटोग्राफरकडून काढवून घ्यावा आणि तो नावासह अंकात छापावा, असा तो ठराव होता. टाळ्यांच्या गजरात तो पास झाला. टाळ्या मीही वाजविल्या. परंतु पुढच्या सोमवारी फोटो देणाऱ्यांची यादी फिरली, तेव्हा चौपन्न जणींपैकी एकोणीस जणींनी आपल्या नावापुढची जागा कोरीच ठेवली होती. त्या एकोणीस जणींत मी होते.

चिटणीसताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "फोटो द्यायचा नसेल तर नका देऊ. पण मग लेख द्या. बायका फोटोला का भितात, ते लिहा." सगळ्याजणी हसल्या. मी सातवी शिकलेली बाई. हिशेबाची वही आणि माहेरची पत्रे यांपलीकडे माझे लिहिणे गेलेले नाही. पण शब्द गेला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या एका भगिनीने मला पुस्तके आणून दिली, कठीण वाटले ते दुपारी बसून समजावून सांगितले, आणि काही माहिती माझ्या मुलीने शोधून दिली. त्यातून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

आधी माझी भीती सांगते, म्हणजे पुढचे वाचताना आपणांस कळेल की ही बाई कोठून बोलते आहे.

माझे माहेर काटोलचे. १९९८ साली माझ्या लग्नाचे पाहू लागले, तेव्हा 'दाखवायचा फोटो' काढण्यासाठी वडील मला नागपूरला घेऊन आले. स्टुडिओत मागे राजवाड्याच्या पायऱ्यांचा रंगविलेला पडदा होता. डोळ्यांवर दोन मोठे दिवे सोडलेले. फोटोवाला म्हणाला, "मान वर. इतकी नाही. डोळे मोठे करा. दात दिसू देऊ नका." मग वडिलांकडे वळून म्हणाला, "रंग जरा दबलेला आहे, पावडर आणखी लावायला सांगा." वडील काही बोलले नाहीत. फोटोच्या प्रती काढल्या. त्यांपैकी पाच पाच घरी गेल्या आणि चार परत आल्या. एकीच्या पाठीवर पेन्सिलीने 'नाही' असे लिहिलेले होते. पाचवा फोटो ज्या घरी गेला, त्याच घरी मी आज सुखाने नांदते आहे. परंतु अजूनही कोणी समोर कॅमेरा धरला की मला ती पेन्सिल आठवते आणि माझा चेहरा लाकडासारखा होतो.

आता इतिहासाकडे वळते.

फोटो काढण्याची विद्या फ्रान्समधली. डागेर नावाच्या गृहस्थाची कृती १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे जाहीर करण्यात आली. ती आपल्या देशात यावयास फार वर्षे लागली नाहीत. १८५४ साली मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आपण ऐकलेले असते; त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीत होते व स्वतः फोटो काढीत. त्याच १८५४ साली इकडे आपल्या नागपूरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली ती १८६७ साली. तोपर्यंत तिकडचे जड सामान इकडे यावयाचे म्हणजे बैलगाडीचाच प्रवास.

आणि सामान खरोखरच जड असे. त्या काळी काचेवर फोटो काढीत. काचेवर औषध ओतायचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळण्याच्या आत अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवायची. बाहेरगावी गेल्यास अंधाऱ्या खोलीऐवजी तंबू सोबत न्यावा लागे. आपल्याकडच्या वैशाखात ती काच किती लवकर वाळत असेल, ते गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको.

ज्याला फोटोला बसायचे, त्याची स्थिती याहून कठीण. सुरुवातीच्या काळात उन्हात कित्येक मिनिटे न हलता बसावे लागे. ओल्या काचेची रीत १८५१ साली निघाली, तेव्हा मिनिटांची जागा सेकंदांनी घेतली. तरी तेवढे सेकंद पापणी, मान, ओठ स्थिर ठेवणे सोपे नव्हते. म्हणून स्टुडिओत माणसाच्या पाठीमागे लोखंडी दांडा उभा करीत आणि त्याच्या चिमट्यात मान अडकवीत. समोरून तो दिसत नसे. जुन्या फोटोंतली मंडळी रागावल्यासारखी का दिसतात, असे आपली मुले विचारतात, त्याचे एक उत्तर हे आहे. हसू एकाच जागी फार वेळ टिकत नाही. ते हलते, आणि हलले की फोटो बिघडतो. शिवाय मोठ्या माणसांच्या रंगविलेल्या तसबिरी गंभीर असत, तोच रिवाज फोटोनेही उचलला. पुढे कोरड्या काचा निघाल्या, १८८० च्या सुमारास त्या बाजारात मिळू लागल्या, आणि मग क्षणात फोटो निघू लागला. दांडा गेला. 'हलू नका, हसू नका' ही सवय मात्र शंभर वर्षे राहिली. मला 'दात दिसू देऊ नका' म्हणणारा फोटोवाला त्याच परंपरेतला होता, हे आता कळले.

दुसरी एक गोष्ट वाचून तर मी थक्क झाले. त्या जुन्या काचांना सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा रंग त्यांना फार लवकर दिसे, म्हणून निळे लुगडे फोटोत पांढरे येई. तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तो काळा येई. जुन्या फोटोंतल्या बायकांच्या कपाळावर कुंकू काळे दिसते ते याचमुळे. पिवळ्या-तांबूस वर्णाचे आपण लोक, तेही फोटोत होतो त्याहून काळे दिसत असू. १८७३ साली व्होगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने औषधात रंग मिसळून ही खोड सुधारण्याची वाट शोधली. पण तांबडा रंग नीट दाखविणारी काच सर्वत्र वापरात यावयास पुढे कित्येक वर्षे गेली.

आमच्या घरी आजेसासूबाईंच्या सासूबाईंचा एक फोटो आहे. त्या गोऱ्यापान होत्या असे घरात सांगतात, आणि फोटोत तर काळ्या दिसतात. आमच्या नात्यातली एक बाई म्हणे, "मोठ्या घरचा पोकळ वासा, सांगतात गोरी आणि होती काळी." बिचाऱ्या म्हातारीवर नाहक आळ! खोटे बोलली ती काच. आणि मग मला वाटले, ज्या यंत्राने सुरुवातच आपला रंग चुकीचा दाखविण्यापासून केली, त्यावरून वराकडच्या माणसांनी मुलींचा रंग पारखावा, यासारखी दुसरी अजब गोष्ट कोणती?

आता बायकांकडे येते. घरंदाज बायकांनी परपुरुषासमोर बसावे, त्याने त्यांच्याकडे टक लावून पाहावे, मान अशी करा तशी करा म्हणून सांगावे, हे त्या काळी कोणाच्या कल्पनेतही बसणारे नव्हते. यावर लाला दीनदयाळ यांनी एक तोड काढली. हे मूळचे मीरतजवळच्या सरधन्याचे. रुरकीस शिकून ते इंदुरास सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि तेथेच कॅमेरा हाती घेतला. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेस खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. तेथे पुरुषाला मज्जाव होता. केनी-लेव्हिक नावाच्या एका इंग्रज बाईंकडे सारी व्यवस्था होती. पडद्यातल्या बायकांनी मोकळेपणी यावे, बाईनेच बाईचा फोटो काढावा, अशी ती योजना. त्या वेळी आपले वऱ्हाड नावाने निजामाचेच होते. म्हणजे ही गोष्ट आपल्या शेजारघरची म्हणावयास हरकत नाही.

हे वाचल्यावर माझ्या लक्षात आले की, लाजणाऱ्या बाईला 'लाजू नकोस' म्हणून उपयोग नसतो. तिला कोणासमोर बसावे लागते, ते बदलावे लागते. सव्वाशे वर्षांपूर्वी एका हुशार माणसाला हे कळले होते.

परंतु ज्या काळात पडद्यासाठी जनाना स्टुडिओची गरज होती, त्याच काळात आपल्यातलीच एक मुलगी सातासमुद्रापलीकडे कॅमेऱ्यासमोर बसली होती. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वजणी जाणतो. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. १८८३ साली त्या कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा एक फोटो काढलेला आहे. त्यावर तारीख आहे १० ऑक्टोबर १८८५. त्यात तिघीजणी आहेत. लुगड्यातल्या आपल्या आनंदीबाई, किमोनो नेसलेल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख केलेला आहे. आनंदीबाईंचे वय तेव्हा वीस.

मुलीने हा फोटो मला मोठा करून दाखविला. मी तो बराच वेळ पाहिला. परका मुलूख, थंडी, अन्नाचे हाल. आणि ही मुलगी स्वतःचे लुगडे नेसून बसली आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयाने त्या गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. दवाखाना चालविण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. त्यांनी फोटोला बसायचे टाळले असते, तर त्यांचा चेहरा आज आपल्याला ठाऊक नसता. आपल्या मुलींच्या शाळांतून त्यांच्या नावाने जे कार्यक्रम होतात, त्यांत नुसते नाव राहिले असते.

फोटोबद्दल लाज होती तशी भीतीही होती. माझ्या आजेसासूबाई म्हणत की फोटोवाला माणसाची छाया ओढून घेतो आणि आयुष्य उणे होते. हा अडाणीपणा एकट्या आमच्या घरचा नव्हे. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके हे आधी फोटोग्राफर होते. गोध्र्यास त्यांनी फोटोचा धंदा मांडला. तेथेच प्लेगात त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले. पुढे बडोद्यास पुन्हा धंदा मांडला, तर कॅमेऱ्याने अंगातली शक्ती शोषली जाते व माणूस मरतो अशी लोकांत बोलवा उठली आणि धंदा बसला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात.

याच फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत कॉरोनेशन थिएटरात तो लागला. तारामतीच्या कामासाठी त्यांना एकही बाई मिळाली नाही. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून तारामती केले. हा किस्सा आपण हसून सांगतो. परंतु त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमला या दोघी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. आई पार्वती झाली आणि मुलगी मोहिनी. त्यांना तेव्हा समाजाने काय म्हटले असेल, ते सांगायला नको. ती कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी.

मला स्वतःला मात्र या साऱ्यात जवळच्या वाटल्या त्या सरस्वतीबाई फाळके. चित्रपटासाठी त्यांनी दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या रांधीत. रात्री फिल्मला भोके पाडण्याचे काम करीत, औषधे कालवीत, आणि उन्हात चित्रण चालू असताना नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहत. उजेड धरणारी बाई चित्रात दिसत नाही. आपल्या घराघरांतही हेच आहे. सहलीचे फोटो पाहा, मुंजीचे पाहा, बारशाचे पाहा. ज्या बाईने सगळ्यांना वाढले, ती एकाही फोटोत नसते.

आणि नुसत्या फोटोचेच असे नव्हते. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. आपले नागपूर तेव्हा मध्यप्रदेशची राजधानी होते. मतदारांच्या याद्या करताना देशभरात, मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत, असंख्य बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले. निवडणूक आयोगाने असे नाव चालणार नाही म्हणून सांगितले आणि सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. २८ लाख! नावाची लाज वाटली म्हणून मत गेले. पुढच्या निवडणुकीपर्यंत पुष्कळजणींनी नाव सांगावयास शिकून घेतले.

नावानंतर चेहऱ्याची पाळी आली. १९९३ साली मतदारांसाठी फोटोचे ओळखपत्र निघाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर घरातली सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख ठरली. त्याआधी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पहिले आधार कार्ड दिले गेले ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, आणि पहिले कार्ड मिळाले एका आदिवासी बाईला. म्हणजे आता फोटोवाचून बाईला धान्य नाही, मत नाही, बँक नाही. सरकारने आपल्या सगळ्यांना एकदा तरी फोटोला बसविले. तो फोटो कसा येतो, ते आपण जाणतोच. आपल्यात अशी एकही भगिनी नसेल जिने आपले आधार कार्ड पाहून 'ही मी नव्हे' असे म्हटले नसेल.

येथे मला माझ्या आईबद्दल लिहावे लागेल.

आई फोटोला कधी उभी राहिली नाही. कोणी कॅमेरा काढला की पदर तोंडावर घेऊन म्हणायची, "मले काहाले पायजे फोटो? तुमीच काढा." माझ्या लग्नाच्या अल्बमात तिचे चार फोटो आहेत. एकात पाठ, दोनांत पदर, आणि एकात ती खाली वाकून अक्षता वेचते आहे. २०२१ च्या एप्रिलात करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. दवाखान्यातून तिला घरी आणता आले नाही. आम्हां भावंडांपैकी कोणालाही शेवटचे तोंड पाहायला मिळाले नाही. चौदाव्या दिवशी हार घालायला फोटो हवा, म्हणून भावाने घरभर शोधले. अखेर आधार कार्डावरचा फोटो दुकानात नेऊन मोठा करून आणला. तोच भिंतीवर आहे. डोळे विस्फारलेले, ओठ घट्ट मिटलेले, चेहरा पुसट. आईचा तो चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता. माझी आई हसरी होती. बोलता बोलता हसू आले की ती मांडीवर थाप मारायची.

मागल्या दिवाळीत भावाच्या धाकट्या मुलीने विचारले, "आत्या, आजी रागीट होती का गं?" मी पुष्कळ सांगितले. पण ती लहान मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती, भिंतीकडे पाहत होती.

तेव्हा प्रथम माझ्या मनात आले की, फोटो न देण्यात माझे काही जात नाही, जाते ते मागे राहणाऱ्यांचे. आपल्याकडे बाईचा फोटो मोठा करून भिंतीवर लावतात तो हार घालण्यासाठी, आणि तेव्हा तिला कोणी विचारीत नाही की यातला तुला कोणता आवडतो. मी चिटणीसताईंना अजून होय म्हटले नव्हते. फक्त इतके म्हटले की, त्या दिवशी मदतीला येईन.

फोटोचा दिवस संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतरच्या रविवारी ठरला. फोटोग्राफर आपल्याच वस्तीतली, लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय करणारी एक मुलगी होती. दीनदयाळांच्या जनाना स्टुडिओची गोष्ट मी तिला सांगितली, तर ती म्हणाली, "काकू, मग आज आपला जनाना स्टुडिओ समजा." तिने त्या दिवसासाठी पुरुष मंडळींना अंगणातून बाहेर काढले. आमच्या घरचेही गेले. सकाळी नऊ वाजताचे हिवाळ्याचे ऊन होते. एका बाजूने ऊन पडले की दुसरा गाल अंधारात जातो, म्हणून तिने पांढरी चादर मागितली आणि विचारले, "कोण धरेल?" मी म्हटले, "मी धरते." मनात म्हटले, चादर धरणाऱ्याचा फोटो कोणी काढीत नाही.

दोन तास मी चादर धरली. चादर जराशी वर केली की समोरच्या बाईच्या डोळ्यांखालचे काळे मावळे आणि डोळ्यांत एक ठिपका चमके. मी रोज ज्यांना भाजीच्या ठेल्यावर भेटते, त्यांचे चेहरे मी असे निवांत कधी पाहिलेच नव्हते. एकीच्या भुवया किती रेखीव आहेत! एकीच्या गालावर खळी पडते, हे वीस वर्षांत मला कळले नव्हते. आणि ज्या ज्या आधी 'माझा चांगला येत नाही' म्हणून रडत होत्या, त्यांचाही फोटो चांगला आला. कसा आला, ते मी नीट पाहून ठेवले. इतर लाजाळू भगिनींना उपयोग होईल म्हणून लिहिते.

नवी कडक साडी नेसून येणाऱ्या अवघडल्या. ज्या नेहमीच्या, अंगाला बसलेल्या पातळात आल्या त्या मोकळ्या होत्या. हात रिकामे असले की ते कोठे ठेवावे हे कळत नाही, म्हणून त्या मुलीने कोणाला सुपली दिली, कोणाला चष्मा हातात धरायला सांगितला. अगदी समोर छाती करून न बसता थोडे तिरके बसवून मान तेवढी वळवायला सांगितली. 'हसा' असे ती कोणालाच म्हणाली नाही. एक मैत्रीण कॅमेऱ्याशेजारी उभी करी आणि तिच्याशी बोला म्हणे. पहिले दहा-वीस फोटो वाया जाण्यासाठीच असतात, असे ती सांगे. पूर्वी एक काच म्हणजे एक फोटो. चुकला तर खर्च अंगावर. आता शंभर काढले तरी खर्च तोच, तेव्हा घाई कशाची? आणि शेवटी, काढलेले सर्व फोटो बसणारीलाच दाखवी व कोणता ठेवायचा ते तिलाच विचारी. ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटली. माझ्या पाठीवर 'नाही' लिहिण्याचा अधिकार ज्यांना होता, तो त्या दिवशी प्रथम माझ्या हातात आला.

कारण शेवटी माझी पाळी आलीच. चिटणीसताईंनी माझ्या हातातली चादर काढून घेतली आणि म्हणाल्या, "आता मी धरते." मी बसले. पहिले कितीतरी फोटो लाकडी आले. मग मी कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या शेजारच्या काकूंना आईची एक जुनी फजिती सांगू लागले. हरवलेला तांब्या दिवसभर शोधला आणि तो तिच्याच डोक्यावरच्या टोपल्यात निघाला, ती. सांगता सांगता मला हसू आले आणि माझा हात आपोआप मांडीवर पडला. फोटो तेव्हाच निघाला.

पाहिला आणि मी गप्प झाले. तो माझा फोटो होता, पण हसू आईचे होते. तिच्यासारखेच डोळे मिटलेले, तिच्यासारखेच दात दिसणारे. मी तोच ठेवला. त्याची एक प्रत काटोलला भावाकडे पाठविली आणि भाचीला पाठीमागे लिहून दिले की, तुझी आजी हसायची ती अशी.

भगिनींनो, आपण उखाणा घेऊन नवऱ्याचे नाव घ्यायला शिकलो. पहिल्या वेळी तेही जिभेवर येत नव्हते. तसेच हे आहे. एकोणीस कोऱ्या जागांपैकी पंधरा त्या दिवशी भरल्या. राहिलेल्या चौघींवर कोणी जबरदस्ती केलेली नाही, करूही नये. त्यांची कारणे त्यांच्यापाशी आहेत. परंतु त्यांनी जेव्हा मनात आणतील तेव्हा मला सांगावे. चादर धरायला मी येईन.

मंडळाचा सुवर्णमहोत्सव आपण सर्वजणींनी मिळून पाहावा, आणि त्या अंकातही आपले सर्वांचे फोटो असावेत, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.